शेवटची चार अक्षरं

ग्युम्रीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे,
काळ्या दगडाच्या चर्चमागे, चांभाराला लागून.
मधली भिंत पत्र्याची, त्याचं ठोकणं मला ऐकू येतं
आणि माझी गिऱ्हाइकं त्याला.
फुटलेल्या काचा, सुजलेल्या बॅटऱ्या,
हल्ली वॉलेटसुद्धा:
झावेन, एवढं बसवून दे, पोरगा आता बँकेतून पाठवत नाही.

अरुस्याकला कुणी काही पाठवत नव्हतं.
एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढलेली बाई,
बोलता बोलताही अंगठा बोटांवर टाके मोजत असतो.
तिने वहीचं फाटकं पान काउंटरवर ठेवलं.
चौतीस अक्षरं, तातुलच्या हातची.
भूकंपानंतर मिळालेली लोखंडी खोली विकलीस
तर माझा वाटा इथे पाठव, असं म्हणून गेला क्रास्नोयार्स्कला.
खोली तिने विकली नाही.
दोन वर्षं फोन नाही.

म्हटलं, नुसतं बघायचंही वॉलेट असतं.
किल्ली त्याच्याचकडे. तुम्ही खिडकीबाहेरून बघायचं.
"आणि पडदा?"
पडदा नसतो, कुणालाच.
ती ओशाळली. पदराशी, म्हणजे शालीशी, थोडं खेळली.
मग म्हणाली, बसव.

सूचनेचा आवाज तिला अ‍ॅपमधला नको होता.
दुसऱ्या दिवशी घरच्या फाटकाची कडी
फोनमध्ये भरून घेऊन आली.

तेव्हापासून खाड्‌कन कडी वाजायची तिच्या पिशवीत,
भाजीवाल्यापुढे, मयताला, माझ्या दुकानात.
चारशे दहा आले: काम आहे.
साठ गेले: भाडं असेल, किंवा कुणी मुलगी.
पहाटे तीनला दोन डॉलर गेले,
तीन तास तिकडचं घड्याळ पुढे, ती मिळवून बघायची,
"सहा वाजले तिथे. उठला. काहीतरी खाल्लं."
रकमेवर कारण लिहिलेलं नसतं,
ते ती घालायची,
हाताला येईल त्या रंगाचं.

फेब्रुवारीत एका रात्री सगळंच गेलं.
अठराशे सेहेचाळीस, एकदम,
एका अनोळखी पत्त्यावर, तिथून चार मिनिटांत सात ठिकाणी.
मी मागोवा घेत गेलो आणि मग स्क्रीन पालथा ठेवला.
एवढ्या घाईने घरभाडं कुणी भरत नाही.
"घर घेतलं असेल का रे?"
असेल, म्हटलं, आणि एक स्क्रू शोधत बसलो
जो माझ्या हातातच होता.

एकोणीस दिवस कडी वाजली नाही.
ती यायची, चार्जिंग बघून जायची,
आवाज चालू आहे ना, विचारायची.
विसाव्या रात्री न राहवून मी
माझ्या वॉलेटमधून एक डॉलर
तातुलच्या पत्त्यावर टाकला.

सकाळी शटर अर्धंच वर, तर ती उभी.
"काच बदलली तेव्हा तू मला तुझा पत्ता दिला होतास.
सात, के, एफ, नऊ.
तुझी चार अक्षरं आहेत ही, झावेन."
मी काय बोलणार.
वाटलं, रागावेल. ती स्टुलावर बसली,
पिशवीतून लोणच्याची बरणी काढली, माझीच,
आईने नाताळात दिलेली, धुऊन पुसलेली.
आत वाळवलेल्या जर्दाळूच्या फोडी.
"भांडं रिकामं परत करत नाहीत," म्हणाली.
"त्याचंही रिकामं झालंय.
माझ्याकडून टाक एक."

फी रकमेहून जास्त पडेल, मी सांगितलं.
तिने नोटा मोजल्या, टाके मोजावेत तशा,
दोनदा.

पाठवलं.
वर्तुळ फिरत राहिलं, थांबलं,
आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत
फाटकाची कडी वाजली.
पलीकडे चांभाराचा हातोडा
मध्येच थांबला.